नऊ वेळा ‘चालेल’

आमचं पहिलं सॉफ्टवेअर आम्ही आठ महिने दार लावून बनवलं. गिऱ्हाईक ते बघून म्हणालं, “आम्हाला हे नकोच होतं.” तेव्हा मी कानाला खडा लावला. आता थोडंच बनवायचं, दाखवायचं, चुका ऐकायच्या, सुधारायच्या, मगच पुढे जायचं. माझ्या भरवशावर नवऱ्यानं मुंबईची नोकरी सोडली होती. वसईच्या फ्लॅटमध्ये दोन कॉम्प्युटर आणि हाताशी एकच काम. नारळी पौर्णिमेला बोटी सुटेपर्यंत ते वापरात आलं नाही, तर धंदा गुंडाळून त्यानं पुन्हा नोकरी धरायची, असं ठरलं होतं.

काम अर्नाळ्याच्या एका मच्छीमार सोसायटीचं होतं: बर्फ घ्यायला आलेल्या बोटींचे नंबर लावायचे. तिथले जुने कारकून ते तोंडीच लावत. दर पंधरा दिवसांनी मी नवा भाग घेऊन त्यांच्यापुढे बसे. “काका, जी बोट आधी येईल तिचा नंबर आधी ना?” ते चष्मा पुसत, चहा मागवत आणि म्हणत, “चालेल.” अशा नऊ खेपा झाल्या, पण एक चूक निघाली नाही. हुरळली मेंढी, लागली लांडग्याच्या मागे, तशी माझी गत.

हंगाम सुरू झाल्यावर मी मुद्दाम बघायला गेले. खिडकीशी झुंबड होती आणि कॉम्प्युटरवर काकांचा टॉवेल वाळत होता. काका ओरडून नंबर देत होते. खोल समुद्रात जाणाऱ्या बोटीला बर्फ आधी, किनाऱ्यालगत फिरणारीला शेवटी. आधी कोण आलं, हे कुणी विचारतच नव्हतं. साऱ्या गावाला ठाऊक असलेली ही गोष्ट माझ्या प्रोग्रॅमला तेवढी माहीत नव्हती.

“मग नऊ खेपांत एकदाही सांगितलं का नाहीत?” माझा आवाज चढला.

काका ओशाळले. “बाय, तू एवढ्या लांबून यायचीस, हौसेनं दाखवायचीस. तुला नाय कोन बोलनार?”

मला त्यांचा राग आला आणि त्याहून जास्त स्वतःचा. चुका ऐकायला जाते म्हणत मी कौतुक ऐकायला जात होते. आता मुदत संपली होती आणि माझ्यातलं बळही.

निघताना त्यांनी विचारलं, “पंधरा दिवसांनी येशील ना, बाय?”

“नाही,” मी म्हणाले. इतक्या महिन्यांत आमच्यात हा शब्द पहिल्यांदाच निघाला, आणि तोही माझ्याच तोंडून.