ऑफिसातली तोफ आणि चाळीस पोस्टर

शाळेच्या ऑफिसात फोन वाजला की अख्ख्या व्हरांड्याला कळायचं, कारण घंटीपेक्षा क्लार्कबाईंचा आवाज मोठा. "शाळा! बोला! पटकन!" एका दमात तीन गोळे. पोरांनी त्यांचं नाव तोफ ठेवलेलं. बाईंना ते ठाऊक होतं आणि मनातून आवडायचंही. एकवीस वर्षं एकटीनं ऑफिस हाकायचं म्हणजे दाखले, हजेरीपट, हरवलेले डबे, आणि "आमच्या सोनूला पुढच्या बाकावर बसवा"वाले पालक. गोड बोलत बसलं तर तिथेच संध्याकाळ व्हायची.

त्या सोमवारी तोफ सकाळपासून तापलेली. दाखल्यांचा शिक्का सापडत नव्हता. तेवढ्यात फोन. पलीकडे एक बाई, आवाज अगदी खाली.

"ते... भिंतीवर लावलंय ना तुम्ही, त्याच्यासाठी..."

"प्रवेश बंद झालेत! पुढच्या वर्षी या!" रिसीव्हर खाडकन खाली. शिक्का फोनच्याच मागे निघाला.

दुपारी व्हरांड्यात नववीची पथनाट्याची तालीम रंगली होती. बायकांवर होणाऱ्या अत्याचारांबद्दल लोकांना जागं करायचं म्हणून नागरिकशास्त्राच्या सरांनी हे सगळं काढलेलं: चौकात नाटक, भिंतींवर पोस्टर. बाई दारात येऊन उभ्या राहिल्या. नाटकातली बाई नवऱ्याचा मार खाऊन चौकीत येते, आणि टेबलामागे हवालदारीण होऊन बसलेली दोन वेण्यांची पोरगी चष्मा नाकाच्या शेंड्यावर ओढून गरजते, "चौकी! बोला! पटकन! आज नाही, उद्या या!"

हुबेहूब. ती तिरकी मान, ते पेनानं टेबल ठोकणं, सगळं. पोरं हसून लोळत होती. सरांचं लक्ष दाराकडे गेलं आणि त्यांचा चेहराच उतरला.

"बाई, ते आपलं... पात्राची गरज म्हणून..."

बाई मात्र भिंतीला टेकवलेलं पोस्टर बघत होत्या. वर रंगीत अक्षरांत 'मार सहन करू नका. फोन करा.' आणि खाली ठळक छापील नंबर. ऑफिसचा!

"हा नंबर कुणी टाकला?"

"प्रवेशाच्या जाहिरातीचे कागद उरले होते ना, बाई," दोन वेण्या पुटपुटल्या. "मधली जागा कोरी होती, खाली नंबर आयताच छापलेला."

सरांनी बायकांसाठीच्या मदतकेंद्राचा नंबर फळ्यावर लिहून दिला होता. पण आयता नंबर मिळाल्यावर फळ्याकडे बघतंय कोण! असे चाळीस कागद शनिवारपासून गल्लोगल्ली चिकटलेले.

बाई मटकन बाकावर बसल्या. "सर, सकाळी एक फोन आला होता. मी आपटला."

दोन वेण्यांनी नाकावरचा चष्मा काढून ठेवला.

"सगळी पोस्टर आत्ताच्या आत्ता उतरवतो," सर म्हणाले.

"खबरदार! मदतकेंद्राचा नंबर शेजारी चिकटवा, पण आपला पुसायचा नाही. त्या बाईनं हाच लावलाय. परत धीर झालाच, तर हाच लावेल."

झालाच तर. बाईंनी सरांनाच गाठलं. सरांनी समजावलं: तिचं खरं माना, 'का' विचारू नका, आधी ती सुरक्षित आहे का ते बघा. बाईंनी ते पुठ्ठ्यावर लिहून फोनशेजारी उभं केलं.

मंगळवारपासून तोफेचं लोणी झालं. "नमस्कार. घाई नाही. बोला." तीन पालकांनी राँग नंबर समजून फोन ठेवला. चौथ्या फोनवरच्या आईला बाईंनी हळुवार विचारलं, "तुम्ही आत्ता सुरक्षित आहात ना?"

"अहो, मला काय धाड भरलीय? पोराची निळी बाटली हरवलीय!"

दोन वेण्यांची पोरगी दारातून सगळं ऐकत होती. "बाई, रागावू नका, पण इतकं मऊ ऐकून माणूस घाबरतो. थोडी तोफ राहू द्या. आणि 'बोला' नको, 'सांगा' म्हणा."

"तू मला शिकवणार?"

"मला तुमचा आवाज तुमच्यापेक्षा जास्त येतो, बाई."

ते मात्र खरं होतं. मग मधल्या सुट्टीत शिकवणी सुरू झाली. पोरगी करून दाखवायची, बाई गिरवायच्या.

बुधवार कोरडा गेला. बाईंनी डबा फोनसमोरच खाल्ला. गुरुवारी अकराच्या सुमाराला तोच खालचा आवाज आला.

"सोमवारी एक बाई फार ओरडल्या होत्या..."

"मीच ती. चुकलं माझं. आता सांगा. मी कुठे जात नाही."

 पलीकडची बाई अडखळत सांगू लागली. एकदाही 'का' न विचारता तोफेनं सगळं ऐकलं.

"आत्ता घरात कोण आहे?"

"मी आणि मुलगी. ते पाचला येतात."

"मदतकेंद्राला तुम्ही फोन लावता, की मी लावू?"

"तुम्हीच लावा हो. माझ्याच्यानं परत सगळं सांगवणार नाही."

बाईंनी दोन्हीकडे फोन करून ठरवलं: तीन वाजता तिच्या घराच्या कोपऱ्यावरच्या दवाखान्यापाशी मदतकेंद्राची गाडी येईल. पुढे बाईंच्या हातात काही नव्हतं. तीन वाजले, साडेतीन झाले. हजेरीपटाची एकच ओळ त्यांनी चारदा लिहिली. सर 'सहज' म्हणून सहा वेळा डोकावून गेले. सव्वाचारला फोन वाजला.

"दोघी आल्यात आमच्याकडे," मदतकेंद्रातली ताई म्हणाली. "मुलगी दूध पिऊन झोपली. आई अजून रडतेय, पण जेवलीय."

बाईंनी दार उघडलं. दाराला कान लावून उभे असलेले सर जवळजवळ आतच कोसळले. त्यांच्या मागे अख्खी नववी.

"काय झालं, बाई?"

"कोण, कुठली, काही विचारायचं नाही. पोचल्या, एवढंच."

सर चष्मा पुसत तिथेच स्टुलावर टेकले. दोन वेण्यांनी भोकाड पसरलं आणि त्यातच हसायलाही लागल्या. बाईंनी आत जाऊन टेबलावर डोकं टेकलं. बाहेर व्हरांड्यात नुसता कल्ला चालला होता. कुणीच कुणाला गप्प बसवलं नाही.