शंभरचा प्लॅन, तीनचं नेट

"पाहा नं वं निखिलच्या आई, तुमची सून आली अन् नेट गेलं!"

हे वाक्य माझ्यासाठी नव्हतं. समोरच्या मेश्रामकाकू आणि माझ्या सासूबाई व्हरांड्यात चिंचा फोडत बसल्या होत्या आणि मी दाराआड चहाचा ट्रे घेऊन उभी होते. लग्नाला एकवीस दिवस झाले होते. सुनेच्या पायगुणानं दूध नासल्याचं ऐकलं होतं, म्हैस आटल्याचं ऐकलं होतं. पण नेट? आणि तेही आमच्या घरात, जिथे शकुन-अपशकुनाचं नाव काढलं तर सासरे अर्धा तास भाषण देतात!

मला वाटलं आई काहीतरी बोलतील. बोलल्या. "हो नं बाई. आधी माही मालिका कशी पाण्यावानी चालत होती. आता गोल गोल फिरते."

चहावर साय धरली तरी मी तिथंच उभी होते.

नेटचे किस्से घरातल्या जुन्या चार्जरच्या डब्यासारखे असतात. कधी साठले कोणालाच आठवत नाही, एक ओढायला जावं तर सगळेच गुंत्यासकट बाहेर येतात. आमच्या घरातला हा गुंता दोन महिन्यांचा आहे.

*

आधी एक सांगते, म्हणजे मी एवढी का घाबरले होते ते कळेल. मी उमरेडची, नोकरी पुण्याच्या कंपनीत, आणि लग्नानंतर काम नागपूरहून, घरून. आमच्या मॅडमनी आधीच बजावलं होतं, "तीन महिने बघू. कॉलवर नीट दिसलीस, नीट ऐकू आलीस तर खुशाल घरून कर. नाहीतर पुण्याला यावं लागेल."

म्हणजे नवरा इथे आणि मी तिथे. किंवा नवरा इथे, मीही इथे आणि नोकरी कुठेच नाही. सगळं एका राउटरवर अवलंबून!

निखिल म्हणाला होता, "टेन्शन नको घेऊ, आपल्याकडे शंभर एमबीपीएसचा प्लॅन आहे." पहिल्याच दिवशी मी स्पीड मोजला. दोन.

"राउटर कुठे आहे?" मी विचारलं.

सासऱ्यांनी, म्हणजे बाबांनी, खिशातून किल्ल्यांचा जुडगा काढला. मला वाटलं चुकून काढला. ते मला आतल्या खोलीत घेऊन गेले आणि लोखंडी कपाट उघडलं. आत आईंच्या शालूंच्या मधोमध, डांबराच्या गोळ्यांच्या वासात, क्रोशाचं झाकण घातलेला राउटर हिरवे दिवे लुकलुकवत बसला होता! वायर आत यावी म्हणून बाबांनी कपाटाला मागून स्वतः भोक पाडलं होतं.

"महागाची वस्तू हाये बेटा. खुल्यात ठेवत नसतात."

निखिलनं तो हॉलमध्ये आणला. स्पीड एकदम वाढला. तीन झाला.

*

आठवडाभरानं माझा दुपारचा कॉल सुरू होता आणि बरोबर एक वाजता नेट गेलं. दुसऱ्या दिवशी एक वाजता पुन्हा. तिसऱ्या दिवशी मी हॉलमध्ये पाळत ठेवली. एक वाजला. बाबा जेवून उठले, हात पुसले, राउटरचं बटण बंद केलं आणि कूलर लावून आडवे झाले.

"बाबा, नेट…"

"मले माहीत हाये. चार वाजता चालू करतो. पंचेचाळीस डिग्रीत माणूस झोपते, मग मशीन काहून नाई झोपणार?"

त्या दिवशी पुण्यातल्या स्क्रीनवर माझा चेहरा शिंकेच्या एक क्षण अलीकडे गोठला होता. डोळे अर्धे मिटलेले, तोंड उघडं. चौदा जणांनी तो बराच वेळ पाहिला म्हणे. एकानं फोटो काढून ठेवलाय.

*

मी नेटच्या कंपनीकडे तक्रार केली. कनेक्शन बाबांच्या नावावर, त्यामुळे फोन बाबांना आला. त्यांनी स्पीकर लावला. पलीकडे एक गोड आवाजाची मुलगी होती.

"सर, आमच्या इंटरनेट सेवेबद्दल आपण किती समाधानी आहात? एक ते दहामध्ये गुण द्या."

त्या क्षणी नेट बंद होतं. सकाळपासून बंद होतं! मी समोर उभी राहून एक बोट दाखवत होते.

"दहा!" बाबा म्हणाले. "बेटा, तुह्यं जेवण झालं का?"

बाबांनी फोन ठेवला. निखिल म्हणाला, "बाबा, नेट बंद हाये अन् तुम्ही दहापैकी दहा देऊन राहिले?"

"नेट कंपनीचं बंद हाये. त्या पोरीनं काय केलं? मी सदतीस वर्षं मास्तरकी केली. तोंडी परीक्षेत एकाही लेकराले नापास नाई केलं."

पाच मिनिटांत मेसेज आला. 'आपली तक्रार आपल्या पूर्ण समाधानासह निकाली काढण्यात आली आहे.'

*

मधला एक छोटासा प्रसंग. तेव्हा मला तो फार गोड वाटला होता.

आमच्या भिंतीला लागूनच रूपालीताईंचं पार्लर आहे. पहिल्यांदा गेले, रजिस्टरमध्ये नाव लिहायला पेन घेतलं, तर त्या म्हणाल्या, "राहू द्या, प्रणाली नं? स्पेलिंगसकट पाठ हाये आम्हाले तुमचं नाव!"

खुर्चीवर बसलेल्या दोघी हसल्या. म्हणाल्या, "आम्हालेही."

मला भरून आलं. एका महिन्यात अख्ख्या गल्लीनं नव्या सुनेचं नाव स्पेलिंगसकट पाठ करावं! काय माणसं आहेत!

*

मग गच्चीचं प्रकरण झालं. क्लायंटसमोर महत्त्वाचा कॉल होता. घरातल्या नेटवर भरवसा नव्हता, म्हणून मोबाईलचं नेट लावून मी लॅपटॉप घेऊन गच्चीवर गेले. पाण्याच्या टाकीच्या सावलीत बसले. माझ्या मागे आई कुरड्या घालत होत्या. मी त्यांना खूण केली की कॉल सुरू आहे. त्यांनी मान डोलावली आणि आवाज खाली आणला. म्हणजे त्यांच्या मते खाली आणला.

"प्रणाली, साहेब लोकं हायेत का वं? विचार त्याहिले, कुरडई खातीन का?"

क्लायंट बंगलोरचा होता. त्याला वाटलं आमच्याकडे काहीतरी दुर्घटना घडली आहे. त्यानं दोनदा विचारलं, "सगळे सुरक्षित आहेत ना?"

संध्याकाळी मॅडमचा फोन आला. शांत आवाजात. आमच्या मॅडम ओरडतात तेव्हा काळजी नसते.

"प्रणाली, पुढच्या गुरुवारी तीन वाजता तुझा रिव्ह्यू आहे. व्हिडिओवर. तो जर तुटला, तर मला काही करता येणार नाही. पुण्यात खोली बघायला घे."

निखिलला सांगितलं तर तो म्हणाला, "मीही पुण्यात नोकरी बघू का?" हे त्यानं इतकं हळू विचारलं की आम्ही दोघं काय बोलतोय ते घरात कळू नये. मी तर त्याहून हळू रडले.

*

रविवारी नेटवाले सुधाकरभाऊ आले. पन्नाशीचे गृहस्थ, गळ्यात टेपच्या रिळांची माळ. आल्या-आल्या राउटरशेजारी उभे राहिले आणि स्वतःच्या मोबाईलवर स्पीड मोजला.

"शहाण्णव! वहिनी, एकदम झक्कास चालून राहिलं तुमचं नेट."

मी माझा फोन पुढे केला. तीन.

"तुमचा फोन जुना असन."

आईंचा फोन. तीन. टीव्ही. गोल गोल. शेवटी निखिलनं त्यांचा मोबाईल हातात घेऊन पाहिला. वायफाय बंदच होतं. भाऊ त्यांच्या सिमकार्डचा स्पीड मोजत होते!

"अरे बाप्पा," सुधाकरभाऊ म्हणाले आणि शांतपणे चहा प्यायले.

जाता-जाता निखिलनं गमतीनं विचारलं, "भाऊ, तुमच्या स्वतःच्या घरी कोणत्या कंपनीचं नेट हाये?"

"मी काहून घेऊ? बाजूवाल्याचं वापरतो. चांगलं चालते."

सगळे हसले. मीही हसले. आणि हसता-हसता माझं बोट कपाच्या कानातच अडकलं.

कारण मला एकदम मेश्रामकाकू आठवल्या. सून आली अन् नेट गेलं, ठीक आहे. पण आमचं नेट गेलं हे काकूंना कसं कळलं?

*

राउटरचं एक ॲप असतं. कोण-कोण जोडलेलं आहे त्याची यादी दाखवतं. मी ते उतरवलं आणि उघडलं. आमच्या घरातले चार फोन, माझा लॅपटॉप, एक टीव्ही. सहा.

यादीत चौतीस होते!

मी खाली-खाली सरकवत गेले. 'मेश्राम हॉल टीव्ही'. 'मेश्राम बेडरूम टीव्ही'. 'रूपाली ब्युटी पार्लर'. 'दवाखाना वेटिंग'. 'किराणा कॅमेरा एक'. 'किराणा कॅमेरा दोन'. अख्ख्या गल्लीचा चोरांपासून बचाव माझ्या मीटिंगमधून चालला होता!

"बाबा," निखिलनं विचारलं, "आपला पासवर्ड कोणाले दिला का तुम्ही?"

"कोणालेच नाई," बाबा ठामपणे म्हणाले. मग थोड्या वेळानं, "तुमच्या लग्नात लिहिला होता तेवढाच."

"कुठे लिहिला होता?"

बाबांनी हॉलमधल्या भिंतीकडे बोट केलं. तिथे आमच्या रिसेप्शनचा मोठा फोटो लावलेला आहे. गल्लीतच मांडव होता. मी आणि निखिल हार घालून उभे. आमच्या डोक्याच्या बरोबर मागे 'मंगल परिणय' असा बोर्ड आणि त्याच्याखाली, बाबांच्या वळणदार मास्तरी अक्षरात: 'पाहुणे मंडळींसाठी मोफत वायफाय'. आणि पासवर्ड. आमच्या दोघांची नावं जोडून. इंग्रजीत, ठळक, प्रत्येक अक्षर सुटं.

दोन महिने मी रोज त्या फोटोखाली बसून कॉल करत होते. पार्लरमधल्या बायका का हसल्या तेही मला तिथंच, उभ्या-उभ्या कळलं.

*

आता मला वाटलं, प्रश्न सुटला. पासवर्ड बदलायचा, झालं! पण बाबांचा चेहरा उतरला.

"दिलेलं परत घ्याचं? आपण दर उन्हाळ्यात गेटवर माठ ठेवतो. कोणी पाणी पेऊन राहिलं तं त्याच्या हातातला गिलास हिसकावतो का?"

माठातून कोणी दोन टीव्ही चालवत नाही, असं मी म्हणाले. मनात. मोठ्यानं बोलायची मला सवय नाही, आणि सासरी तर मी तोवर 'हो आई' आणि 'भाजी वाढू का' याच्यापलीकडे गेलेच नव्हते.

"मी मेश्रामकाकूंशी बोलतो," निखिल म्हणाला आणि तावातावानं गेला. तासाभरानं परत आला. शर्टवर तर्रीचा डाग.

"काय म्हणाल्या?"

"तर्री पोहे खाऊ घातले. दोन प्लेट. मग म्हणे, निखिल बेटा, तुमचं नेट कधी सुधारते? मी म्हटलं, पाहतो."

पाहतो!

गुरुवार आला. एक वाजता बाबा जेवले. राउटर मात्र त्यांनी चालू ठेवला होता, त्याच्यासाठी टेबलफॅन लावला होता आणि माझ्याकडे पाहून म्हणाले होते, "आज त्याची सुट्टी रद्द." मग ते झोपले. आई झोपल्या. मी ॲप उघडलं, पासवर्ड बदलला, नवा आमच्या टीव्हीत आणि लॅपटॉपमध्ये टाकला आणि कॉलला जाऊन बसले.

तीन वाजता मॅडम स्क्रीनवर आल्या, थांबल्या, चष्मा वर केला. "अगं, आज तुझ्या मागच्या भिंतीवरची पाल दिसतेय मला! असंच राहिलं तर पुण्याला यायची गरज नाही. अजून महिनाभर बघू."

संध्याकाळी आईंची मालिका पहिल्यांदा न फिरता लागली. आईंनी मला शेजारी बसवून घेतलं. "पाण्यावानी चालून राहिली वं!" म्हणाल्या.

मालिकेत कोणीतरी कोणाच्या तरी थोबाडीत मारणार, एवढ्यात गेट वाजलं.

मी खिडकीतून पाहिलं. सात-आठ जण होते. पुढे मेश्रामकाकू, कमरेवर हात.

"ओ निखिलच्या आई! दुपारपासून नेट नाई तुमचं! कम्प्लेंट केली का नाई?"

मागून किराणावाले, "गुरुजी, माहे दोन्ही कॅमेरे आंधळे झाले. उद्या काही चोरीले गेलं तं जिम्मेदार कोण?"

"माह्याकडे तं कस्टमर तोंडाले पॅक लावून बसली हाये," रूपालीताई म्हणाल्या. "अर्धा व्हिडिओ राहिला नं माहा! आता पुढं काय लावाचं?"

आई टीव्हीकडे पाहत होत्या. टीव्ही छान चालला होता. मग त्यांनी मेश्रामकाकूंकडे पाहिलं, मग माझ्याकडे, आणि हळूच रिमोटनं आवाज बंद केला. निखिल चपला शोधायला लागला. पायात असलेल्या.

बाबा गेटवर गेले. त्यांना खरंच वाईट वाटत होतं. माठातलं पाणी त्यांनी एकेकाला दिलं, तेवढ्यानं कोणाचं भागेना. शेवटी ते घराकडे वळले.

"प्रणाली बेटा! तुले समजते नं त्यातलं. सांग बरं यायले, काय झालं नेटले?"

सगळी गल्ली माझ्याकडे पाहायला लागली. मी उठले, पदर सारखा केला, व्हरांड्यात आले. चिंचा फोडायचा दगड अजून तिथंच होता. माझा आवाज बाहेर इतका मोठा येईल असं मलाही वाटलं नव्हतं.

"काकू, तुम्हीच तं म्हणलं होतं नं? सून आली अन् नेट गेलं!"