कुलूपतात्यांची जागा

त्यांना सगळे कुलूपतात्या म्हणत, आणि ते काही लाडानं नव्हे. चाळीस वर्षं या माणसानं मासेमारी केली. बाकीच्या बोटी हात हलवत परतायच्या, यांच्या टोपल्या मात्र भरलेल्या. पण मासा कुठे लागला हे त्यांनी कुणाला सांगितलं असेल तर शपथ! बायकोनं उभा जन्म विचारलं, ती बिचारी न कळताच गेली. कुणी मागावर बोट लावलीच, तर तात्या साळसूद चेहऱ्यानं त्याला भलत्याच खडकापाशी न्यायचे, नुसताच गळ पाण्यात सोडून गाणी म्हणत बसायचे, आणि तो उन्हात करपून माघारी गेला की मग आपली वाट धरायचे. लोक शिव्या घालायचे. तात्यांना त्या गोड लागायच्या.

आता समुद्रावर काही पाटी लावलेली नसते. किनाऱ्यावरचा एखादा सुळका एखाद्या झाडाच्या बरोबर मागे यावा लागतो, दुसऱ्या अंगाला तशीच आणखी एक जोडी जुळावी लागते, तेव्हा कुठे जागा सापडते. खुणा अवघ्या चार. पण त्या फक्त तात्यांच्या डोक्यात, आणि डोक्याला वाळवी लागलेली. डॉक्टरांनी स्पष्टच सांगितलं होतं, "हळूहळू सगळंच जाईल. काही विचारायचं असेल तर विचारून घ्या."

बोट आता त्यांची लेक चालवायची. संसार मोडून परत आली त्याला बारा वर्षं झाली. इंजिन खोलणं, जाळं विणणं, सगळं हिच्या हातचं; जागेवर मात्र तात्या एकटेच जायचे. पण दोन वर्षांपासून तात्या घरी बसले आणि मासा रुसला. असंच चाललं तर बोट विकावी लागणार होती, आणि दुसरं काही तिला येत नव्हतं. तात्यांना तिनं हजारदा विचारलं असेल. ते नुसते हसायचे. मुलीच्या जातीला जागा सांगायची नाही, असंच यांच्या मनात असणार, हे तिनं धरून ठेवलं होतं आणि ते तिला फार लागायचं.

शेवटी तिनं शहरातल्या भावाला फोन केला. "तू ये बाबा. मुलगा आहेस, तुला तरी सांगतील."

भाऊ बायकोला घेऊन आला. रविवारी सकाळी डबे, चहाचा थर्मास घेऊन चौघं निघाले. भूशिराला वळसा घातला की पुढचा किनारा निर्मनुष्य, ना रस्ता ना घर. तात्या खुशीत होते. भावानं विचारलं, "तात्या, कुठे न्यायची?" तर त्यांनी झटकन हात केला, "डावीकडे घ्या. आता सरळ. तो काळा खडक दिसला की थांबा."

"अगंबाई, सगळं आठवतंय की यांना!" वहिनी म्हणाली. भाऊ मोबाइलवर खुणांचे फोटो काढत सुटला. लेकीच्या मनात आशेनं डोकं वर काढलं.

काळ्या खडकापाशी तात्यांनी गळ सोडला, पाय पसरले आणि गाणं सुरू केलं.

लेक सुकाणू सोडून पुढे आली, त्यांच्या हातातली दोरी तिनं वर ओढली. गळाला आमिष नव्हतंच.

"दादा, फोटो राहू दे," ती म्हणाली. "चकवतायत ते आपल्याला."

भाऊ भडकला. "तात्या! अहो, आम्ही तुमची मुलं आहोत!"

"हो का?" तात्या अदबीनं म्हणाले. "बरं, बरं."

बोट डुलत होती, ऊन चढलं. वहिनीला उलट्या सुरू झाल्या. भाऊ तिला घेऊन पुढच्या टोकाला गेला. लेक परत सुकाणूपाशी येऊन बसली. तिला रडावंसं वाटत होतं, आणि रागही येत होता.

तात्या सरकत सरकत तिच्याजवळ आले. "बाई, तुम्ही भल्या घरच्या दिसता," ते हळूच म्हणाले. "त्या माणसाच्या नादी लागू नका. जागेच्या मागावर आहे तो."

"मग तुम्ही कुणालाच नाही सांगणार?"

"सांगणार तर! माझ्या लेकीला. पोरगा गुणी आहे हो, पण त्याचा जीव पाण्यात रमत नाही. तिचा रमतो."

लेक त्यांच्याकडे वळली. "मग सांगून टाका की तिला."

"अहो, एवढीशी आहे ती! तिच्या तोंडून गेलं तर गाव लुटून नेईल. बोट एकटीनं चालवायला लागू दे, त्याच दिवशी सांगेन."

"तात्या," तिनं त्यांचा हात घट्ट धरला, "मीच ती. बघा माझ्याकडे. बोट मीच चालवतेय. तात्या, मीच तुमची लेक."

तात्यांनी तिच्या तोंडाकडे नीट, बराच वेळ पाहिलं. मग हात सोडवून घेतला आणि चेहरा साळसूद केला.

"असं होय," ते म्हणाले. "मग इथेच टाका गळ, बाई. इथे भरपूर मासा आहे."