दुसऱ्या शिफ्टचा पाय

दिनानाथ तांडेल माणसांवर ओरडतो. बोईसरमध्ये त्याच्याबद्दल सगळ्यात आधी हेच सांगितलं जातं आणि तेवढंच सांगून लोक थांबतात. ओरडतो, खरंय. मी फिजिओथेरपिस्ट आहे, पंधरा वर्षं त्याच्याकडे पेशंट पाठवते आहे, आणि "स्वातीबाई, ही चिठ्ठी तुमी झोपेत लिहिली काय?" असं तो मलाही ऐकवतो. पण ज्यांच्यावर ओरडायला हवं त्यांच्यासमोर मान खाली घालणारी माणसं मी इथे रोज बघते. त्यांच्यापेक्षा हा परवडला.

बुटाच्या आत घालायचे सोल बनवणं हा त्याचा धंदा. दुकानात पाकिटात मिळतात ते नव्हेत. एकेका पायाचा साचा घेऊन, फोमची शीट भट्टीत तापवून, साच्यावर दाबून, घासून घासून केलेले. टाच धरून बसलेले कामगार, गुडघे गेलेल्या मास्तरीणबाई, पोलीस भरतीसाठी पालघरला मैदानावर धावून नडगी सुजवून घेतलेली मुलं, सगळे त्याच्या गाळ्यात येतात. आत शिरलं की जमिनीवर एक लांब लाकडी पेटी, तिच्यात दातिवऱ्याची ओली वाळू. "चाल," दिनानाथ म्हणतो. माणूस वाळूतून चालत जातो आणि हा त्याच्या तोंडाकडे न बघता मागे उमटलेल्या पावलांकडे बघत बसतो.

तो दातिवऱ्याचाच. बाप मच्छीमार होता. किनाऱ्यावरच्या पावलांवरून होडीकडे कोण कोण गेलं ते नावानिशी सांगायचा. पोराचा डावा पाय मात्र जन्मतः आत वळलेला, होडीत उभं राहणं त्याला जमेना. सातव्या वर्षी कुठल्याशा शिबिरात त्याला पट्ट्यांचा बूट फुकट मिळाला. गळ्यात हार, फोटो, टाळ्या. बूट दुसऱ्याच कुणाच्या मापाचा होता. वर्षभर त्याने घोटा सोलून काढला, तेव्हा दिनानाथने तो खाडीत भिरकावला आणि आईचा मार खाल्ला. "मार कमी दुकला," तो अजून म्हणतो. पुढे मुंबईत कृत्रिम पाय बनवणाऱ्यांकडे बारा वर्षं काम शिकला, परत येऊन गाळा थाटला आणि भिंतीवर पाटी लावली: बूट स्वतःचेच आणावेत. दुसऱ्याच्या बुटात सोल बसवून मिळणार नाही.

ती पाटी त्याच्या अभिमानाची होती. तिनेच घोळ केला.

सोमीला त्याच्याकडे मी पाठवलं. मनोरच्या पलीकडच्या पाड्यावरची, अठ्ठावीस वर्षांची. एमआयडीसीतल्या एका कंपनीत ठेकेदाराकडे पॅकिंगला. सात ते तीन, आठ तास उभं राहायचं. सकाळी उठून पहिलं पाऊल टेकलं की टाचेत सुरा खुपसल्यासारखं व्हायचं. दोनदा खोक्यावर टेकली म्हणून सुपरवायझरने तिला सांगून ठेवलं होतं, तिसऱ्यांदा बसलेली दिसलीस तर गेट बंद. घरात नवरा पावसाळ्यापुरती शेती करायचा, दोन मुली आश्रमशाळेत. तिचं उभं राहणं हीच त्या घराची कमाई होती. मी म्हणाले, "दिनानाथदादांकडे जा. ओरडतील. ओरडू देत."

सुट्टीच्या दिवशी ती कंपनीचे काळे सेफ्टी बूट पिशवीत घेऊन आली. बूट सात नंबरचे, पाय चार नंबरचा, पुढे चिंध्या कोंबलेल्या. टाचेवर पांढऱ्या रंगात नऊचा आकडा. वाळूतून चालली तेव्हा दिनानाथ खूश झाला. "कमान बघा बाई! अख्ख्या बोईसरात नाय असा पाय." उंच कमानीचा पाय तो, त्याला खालून आधार हवा. दिनानाथने तसा आधार दिला आणि एवढ्या मोठ्या बुटात सोल सरकेल म्हणून सोल्यूशन लावून पक्का चिकटवला. "आता मेलीस तरी सुटायचा नाय," तो म्हणाला.

आठ दिवस बरे गेले. तीन आठवड्यांनी सोमी पुन्हा लंगडत आली. दिनानाथने बुटात हात घातला तर कमान आतल्या बाजूने पार चेपलेली.

"डोक्यावरनं पोती वाहतेस काय?"

"नाय दादा."

"मग बूट कोनाला देतेस?"

सोमीने एकदा पाटीकडे बघितलं आणि मान हलवली. "नाय."

"माझी शीट खोटी, माझा हात खोटा, ही तेवढी खरी!" असं बरंच काही बोलून त्याने नवा सोल केला, जास्त कडक शीटचा, आणि दुप्पट सोल्यूशन लावून चिकटवला. त्या दिवशी मी गाळ्यातच होते. मलाही सोमीचाच राग आला होता, हे आता लिहायला लाज वाटते.

त्यानंतर महिन्याभराने अर्चना माझ्याकडे आली. जालन्याकडची, नवऱ्याबरोबर बोईसरला आलेली. तळपाय आतून ठणकतो, गुडघा वळत नाही. पाय तपासला तर सपाट, पण असे सपाट पाय घेऊन माणसं आयुष्यभर सुखाने चालतात. "आधी कधी दुखलं नाही हो," ती म्हणाली. "हे दोन महिन्यांतच सुरू झालं." मला काही कळेना. मी तिला घेऊन दिनानाथकडे गेले.

ती वाळूतून चालली. रुंद, सपाट पाऊल, अंगठा बाहेर झुकलेला. दिनानाथ ओरडला नाही. खाली बसला आणि त्या पावलावर बोट फिरवलं.

"हा पाय मी बघितलाय," तो म्हणाला.

"मी तर पहिल्यांदाच येतेय."

"तू नाय आलीस. तुजा पाय आलेला." मग त्याने विचारलं, "बुटावर नंबर किती?"

"नऊ."

दुपारची तीनला लागणारी शिफ्ट तिची. तीनला सोमी गेटपाशी बूट काढून नऊ नंबरच्या कप्प्यात ठेवायची, अर्चना तेच उचलून पायात घालायची. दोघींची गाठ कधी पडली नव्हती. सोमीसाठी उचललेली कमान हिच्या सपाट पायाखाली रोज चेपायची, आणि त्या कमानीवर उभा राहून हिचा पाय ठणकायचा. ठेकेदार बायकांचे बूट एकाच मापाचे आणि निम्मेच आणायचा, कारण पाय बदलले तरी चालतात, बूट कशाला बदला! सात नंबर सगळ्यांना होतो म्हणे. माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. माणसाचा घाम सुकायच्या आत त्याच बुटात दुसरं माणूस उभं करायचं, आणि गेटवर बोर्ड लावायचा, "सुरक्षा प्रथम."

दिनानाथ माझ्यासारखा बडबडला नाही. तो अर्चनाला म्हणाला, "दुसऱ्याच्या मापाचं पायात घालायला लावनारा मीच. तो खाडीत फेकलेला बूट मीच तुला घातला." अर्चनाला त्यातलं काही समजलं नाही. मला समजलं.

सोमी आली तेव्हा मात्र त्याचा आवाज रस्त्यापर्यंत गेला. "का नाय सांगितलंस?"

"सांगितलं असतं तर बनवला असता?" तिने पाटीकडे बोट केलं. "बूट माजा कुटला? माजे फक्त पाय."

दिनानाथने पाटी उतरवून भट्टीमागे टाकली. नऊ नंबरमधला सोल पक्कडीने ओरबाडून काढला. इतका घट्ट बसला होता की हाताला फोड आला, आणि त्या फोडावरूनही तो स्वतःलाच शिव्या घालत होता. मग दोन जोड बनवले, सोमीचा वेगळा, अर्चनाचा वेगळा. चिकटवायचे नाहीत. शिफ्ट संपली की काढून डब्याच्या पिशवीत टाकायचे.

चार दिवस चाललं. पाचव्या दिवशी सुपरवायझरने सोमीला सोल काढताना पाहिलं. "बूट में कुछ नहीं डालने का. सेफ्टी में नहीं बैठता." सोल हिसकावून त्याने कचऱ्याच्या पिंपात टाकले. इतक्या दिवसांत त्याला सुचलेली ती एकच सुरक्षा!

सोमीने पिंपात हात घालून ते बाहेर काढले. पुसले. बूट कप्प्यात ठेवायच्या ऐवजी छातीशी धरून ती गेटपाशी उभी राहिली. पलीकडून अर्चना आली तर कप्पा रिकामा.

"हे बूट मी घालते ना? मग हे माजे," सोमी म्हणाली. "हिला हिचे द्या."

"बिनबुटाची आत सोडणार नाही," वॉचमन म्हणाला.

"मग नका सोडू," अर्चना म्हणाली आणि चपला काढून अनवाणी उभी राहिली. तिच्या मागच्या अकरा बायकांनी हे ऐकलं. कप्प्यांतल्या ओल्या बुटांना एकीनेही हात लावला नाही. पॅकिंगची लाइन चाळीस मिनिटं बंद होती. हे सगळं मला सोमीनेच सांगितलं.

दहा दिवसांनी प्रत्येकीला वेगळे बूट मिळाले. सगळे सात नंबर. सोमीला मिळाले नाहीत. तिचा तेवढा ठेका संपला होता.

त्यानंतर ती गेटांमागून गेटं फिरली. तिसऱ्या गेटवर तिला काम मिळालंच होतं. माणसाने बूट समोर टाकले, तिने पाय घातला आणि लगेच काढला. "गरम हाय," ती म्हणाली. "आतापत्तूर कोन होतं यात?" तो माणूस हसला. सोमी उलट्या पावली परत फिरली. आश्रमशाळेतल्या मुलींच्या वह्या अडल्या होत्या, तरी फिरली. मला तिचा अभिमान वाटायला हवा होता. मला नुसता संताप आला, की पायात दुसऱ्याची ऊब नको एवढं मागायला कामावर पाणी सोडावं लागतं.

पाचव्या गेटवर काम लागलं. मी गाळ्यात असतानाच ती आली आणि कागदात गुंडाळलेले नवे बूट बाकावर ठेवले. सात नंबरच. दिनानाथने चिंध्या कोंबायच्या जागी पुढे गादी भरली, कमान पुन्हा नव्याने घडवली, सोल आत बसवून बघितला. सोल्यूशनचा डबा उघडला आणि ब्रश हातात धरून थांबला. आयुष्यात पहिल्यांदा त्याने गिऱ्हाइकाची मर्जी विचारली.

"चिकटवू?"

सोमीने बूट उलटा करून टाचेकडे बघितलं. तिथे कसलाच आकडा नव्हता.

"चिकटवा," ती म्हणाली.