विहिरीतला तांबडा थर

एसटीच्या खिडकीतून नुसतं बाहेर बघत साडेसहा कोटी वर्षं मागं जाऊन, कंडक्टर सीटपर्यंत पोचायच्या आत परत येणारा माणूस अख्ख्या कोल्हापूर जिल्ह्यात एकच आहे, आणि ते माझे थोरले साडू आहेत. आम्ही त्यांना अण्णा म्हणतो. घाटात आपण दरीकडं बघतो, अण्णा उलट्या बाजूला बघतात, कारण तिकडं रस्त्यासाठी कापलेला डोंगर असतो. माझ्या मोटारसायकलवर मागं बसले, की अशा प्रत्येक कडेला माझ्या खांद्यावर थाप पडते, "थांबा पावणं, हितं काय तरी लिवलंय." मी मुकाट थांबतो. मला तिथं काही लिहिलेलं आजवर दिसलेलं नाही.

अण्णांचं शिक्षण म्हणाल तर फाउंड्रीचं. आधी शहरात आणि पुढं कागलच्या पंचतारांकित एमआयडीसीत मिळून पस्तीस वर्षं त्यांनी वाळूचे साचे भरले. साच्यात ओतलेला लोखंडाचा रस निवताना आतला वायू वर पळतो. तो सुटायच्या आत रस घट्ट झाला, तर वरच्या अंगाला भोकं राहतात आणि ते कास्टिंग भंगारात जातं. असलं कास्टिंग दिसलं की ज्यांचं डोकं फिरायचं, तेच अण्णा निवृत्त झाल्यावर भोकाभोकांचे काळे दगड उराशी धरून घरी येऊ लागले. आपला सगळा मुलूख लाव्ह्याचे थरावर थर निवून झालाय, हे त्यांना कुठल्याशा व्याख्यानात कळलं आणि तिथं त्यांना एकदम घरच्यासारखं वाटलं. "पृथ्वीनं बी फाउंड्रीच चालवलीती की! भोकं हाईत ती वरची बाजू. त्याच्यावर परत घट्ट दगूड लागला, की समजायचं, दुसरी शिफ्ट चालू झाली." हे ते कुणालाही सांगतात. दाढी करताना न्हाव्यालाही सांगतात, त्यामुळं दाढीला तासभर लागतो.

आणि एवढं दगडांचं वेड असून या माणसाजवळ हातोडी नाही. त्यांची बायको, म्हणजे माझी मेहुणी अक्का, धर्माला फार पक्की. मातीदगडातही जीव असतो, ही जैन घरातली शिकवण. पहिला दगड घरात आला तेव्हाच तिनं बजावलं, "आणायचं तर आणा, पर फोडायचं न्हाई." तेव्हापासून अण्णा फक्त रस्तेवाल्यांनी आणि क्रशरवाल्यांनी आधीच फोडलेलं वाचतात. दगडावर मुंगळा असला तर तो खाली उतरेपर्यंत उचलत नाहीत. भर उन्हात एका मुंगळ्याची वाट बघत मी वीस मिनिटं उभा राहिलोय. शिवाय दिवस मावळायच्या आत जेवण झालं पाहिजे, म्हणून कितीही प्राचीन काळ सापडला तरी पाचच्या सुमारास त्यातून निघावं लागतं.

अण्णांच्या पुतण्यासाठी मुलगी बघायला आम्ही गडहिंग्लजला गेलो होतो. दारात "या, या" चाललेलं असतानाच अण्णा पायरीवर पालथे झाले. घेरी आली असं समजून मुलीचे वडील तांब्या घेऊन धावले. अण्णांनी तांब्या घेतला आणि पाणी पायरीवर ओतलं. ओल्या दगडावर बारीक लाटांसारख्या रेघा उमटल्या. "बघा, वाळूत उमटलेल्या लाटा दगूड होऊन ऱ्हायल्यात. तुमच्या दारात उथळ समुद्र हुता, आमच्या काळ्या दगडाच्या बी लई आधी!" वडील बिचारे गोंधळून म्हणाले, "घर बांधून तीस वर्षं झाली हो, तवा तर समदं कोरडंच हुतं." मला वाटलं, मोडली सोयरीक. पण मुलीनं आत आईला सांगितलं म्हणे, "पायरीकडं एवढं बघत्यात, तर माणसाकडं बी बघत असतील." लग्न ठरलं.

आणि त्या लग्नापायीच अण्णांवर संकट आलं. नव्या जोडप्याला घर हवं होतं. गडमुडशिंगीत भावाभावांची मोकळी जागा होती, पण अंगणात आटलेली विहीर येत होती. ती बुजवायची ठरली. त्या विहिरीच्या शेवटच्या पायरीजवळ, दोन काळ्या थरांच्या मधोमध, वीतभर जाडीचा तांबडा थर होता. अण्णांचा सगळ्यात जिवाचा. "ही मधली सुट्टी हाय, पावणं. एक रस निवला, मग दुसरा यायला लई काळ गेला. पाऊस पडला, दगूड कुजला, माती झाली, काय तरी हिरवं उगवलं असंल. मग वरनं दुसरा रस आला आणि माती भाजून निघाली." विहीर बुजवायला पहिला होकार मात्र त्यांनीच दिला. "पोरांस्नी घर पायजे," एवढंच म्हणाले, आणि आठ दिवस मागून घेतले.

मी म्हटलं, फोटो काढू. "फोटूला हात लावता येतोय व्हय?" त्यांनी ठरवलं, थरावर प्लॅस्टर ओतायचं, म्हणजे ते सुटून येताना तांबडे कण चिकटून येतील आणि त्या मातीचा पातळ पापुद्रा घरी नेता येईल. मापं घेण्यात आणि फळ्यांची चौकट बसवण्यात सात दिवस गेले. आठव्या दिवशी दुपारी त्यांनी प्लॅस्टर ओतलं. घट्ट झाल्यावर आम्ही दोघांनी ते अलगद ओढलं. सुंदर सुटलं. गुळगुळीत, काळंकुळकुळीत, तांबडा कण एकही नाही.

रस साच्याला चिकटू नये म्हणून फाउंड्रीत ग्राफाइटचा काळा लेप मारतात. ओतायच्या आधी अण्णांच्या हातानं सवयीनं तो लेप थरावर मारला होता. चिकटायलाच हवं होतं, तिथं! त्यांनी त्या लादीवरनं एकदा बोट फिरवलं. मग म्हणाले, "कास्टिंग फस्क्लास सुटलंय, पावणं." मला त्यांच्याकडं बघवेना. प्लॅस्टर संपलं होतं, दुसऱ्या दिवशी सकाळी जेसीबी येणार होता, आणि अक्कानं बजावलेलं असल्यानं भिंत खरवडायला ते तयार नव्हते.

तेवढ्यात अक्का पायऱ्या उतरून आली. आयुष्यात पहिल्यांदा. प्लॅस्टर कालवायला आणलेल्या कळशीतलं पाणी घेऊन तिनं पदरानं तो थर हळूहळू पुसला. काळं उतरलं आणि आतला रंग वर आला. "अगं बाई, कुंकवागत हाय की हो," ती म्हणाली. मग अण्णा तिला सांगू लागले, पहिल्यापासून, आणि ती ऐकू लागली. मी वर येऊन बसलो. दिवस मावळून गेला तरी ती दोघं आली नाहीत. त्या दिवशी दोघंही उपाशी झोपली.

सकाळी जेसीबी आला. अण्णांनी त्याला थांबवलं. साचा भरताना नाजूक अंगाला आधी बारीक चाळलेली वाळू लावतात, मागाहून जाडीभरडी. तशी त्यांनी शेतातली माती चाळून आणली, खाली उतरून मुठीमुठीनं थरावर थापली, आणि मगच वर येऊन हात केला. दगडमाती धडाधड कोसळू लागली. मी म्हटलं, "अण्णा, शेवटी गेलं की हो."

"गेलं न्हाई. झाकलं म्हणून तर एवढी वर्षं ऱ्हायलं हुतं," ते म्हणाले. धुरळा खाली बसला. मग हळूच म्हणाले, "लई काळानं कुणी तरी हे उकरंल, पावणं. त्याला कळंल काय हो, हितली माती कुणी तरी हातानं लावली हुती म्हणून?"

मी त्यांचा मातीनं भरलेला हात धरून उभा राहिलो.