जोनआजीच्या पर्समधला दगड

थांबा, हे आत्ताच सांगायचंय, नाहीतर परत गिळून टाकेन. कुणालाच सांगितलेलं नाहीये — आईला नाही, फ्लॅटमेटला नाही. जोनआजीच्या घरासमोर गाडीत बसून टाइप करतेय, चुका असतील तर असू देत.

न्यूझीलंडमध्ये, ख्राइस्टचर्चपासून तासाभरावर एक गाव आहे. इंग्लंडमधल्या ज्या खेड्यातून लोक इथे आले, त्याचंच नाव याला दिलंय. तिकडच्या चर्चच्या भिंतीतला मुठीएवढा पांढरा दगड त्यांनी बोटीतून आणला आणि इथल्या चर्चच्या दारापाशी कोनाड्यात ठेवला. लग्न असो, मयत असो, आत जाताना सगळे त्याला हात लावतात. आपण देवळाच्या पायरीला लावतो ना, तसंच! जोनआजीचे खापरपणजोबा त्या बोटीत होते. आता चर्चचं सगळं तीच बघते. आणि मी पुण्याची, नवी साइट इंजिनिअर — भूकंपात तडकलेली भिंत दुरुस्त करायला गेलेली. काम सुरू व्हायच्या आधी तिने दगड माझ्या हातात दिला. "हा तुझ्याकडे, लव्ह."

आणि मी काय केलं? सेफ्टी जॅकेटमध्ये गुंडाळून बादलीत ठेवला. बादली कुठे? राडारोड्याच्या शेजारी! जेवून आले तर जॅकेट कुणीतरी कुंपणावर टाकलेलं, बादली रिकामी, आणि राडारोड्याचा ट्रक गेलेला.

तेव्हा बोलायचं ना? फोन करायचा, ट्रक थांबवायचा — थांबला असता कदाचित. नाही केला. पाडलेल्या भिंतीतला एक पांढरा तुकडा घरी नेला, ओल्या वाळूवर घासत बसले, गुळगुळीत होईपर्यंत. आणि कोनाड्यात ठेवला. फोरमन म्हणाला, "काय मॅडम, बसला का देव जागेवर? स्वीट ॲज!" — म्हणजे 'एकदम झकास', इथली बोली. मी हसले. हसले मी!

जोनआजीने त्यावर तळहात ठेवून डोळे मिटले. मग मला घट्ट मिठी. तेव्हापासून चर्च बघायला कुणीही आलं की ती गावाचा सगळा इतिहास सांगते आणि शेवटी माझ्याकडे बोट — "आमचा दगड हिने सांभाळला." रविवारी जेवायला बोलावते. मी जाते. तिच्या हातचा पाव्हलोवा, तो क्रीम-फळांचा केक, परत मागून घेते. कशी जाते मी?

आणि आज ती इंग्लंडला निघालीये. आयुष्यात पहिल्यांदा. दगड जिथून काढला ती खाच तिकडच्या भिंतीत अजून तशीच ठेवलीये म्हणे. तिला एकदा तो तिथे बसवून बघायचाय. त्यासाठी गुडघ्याचं ऑपरेशन पुढे ढकललंय. एअरपोर्टला सोडायला कोण? मीच.

तो तिथे बसणार नाही. तिकडच्या सगळ्या गावासमोर ती हात वर करून बसवत राहील, आणि तो बसणार नाही.

दाराला कुलूप लावतेय ती. पर्स छातीशी धरलीये — दगड त्यातच, सामानात टाकायला नको म्हणाली. गाडी सुरू करायच्या आधी सांगणार आहे. ती रडेल, उतरून जाईल, पुन्हा तोंड बघणार नाही, काहीही.

आली. तुमचं कधी झालंय का असं — जे आपणच घालवलं, ते सांभाळल्याबद्दल कुणी आपल्याला जवळ घेतलंय?