वाढीव सहा क्रेडिट

पातेलं घासून झालं की त्यात नाक घालायची. वास घ्यायची, म्हणायची, “अजून थोडं,” आणि परत घासायला लागायची. योकोहामाच्या एका इंडियन हॉटेलात मी तीस वर्षं मुख्य आचारी आहे. भल्याभल्यांना शिकवलं. पण कालच्या रश्श्याचा वास पातेल्यात शोधणारी ही एकच जपानी बाई पाहिली. तुम्ही पाहिली असेल दुसरी, तर असो. मी मानणार नाही.

आमच्याकडे भांडी घासायला होती. वय चौसष्ट. पंधराव्या वर्षी शाळा सोडून मासळीच्या कारखान्यात लागलेली. आता रोज दीड वाजता ॲप्रन काढायची आणि दुपारच्या हायस्कूलला जायची. तिथे विषयागणिक क्रेडिट मिळतात, ठरलेली भरली की पास झाल्याचा दाखला.

“या वयात दाखल्याचं काय लोणचं घालणार?” मी विचारायचो. मी स्वतः चौथी नापास.

“भिंतीवर लावणार, काका-सान.” सगळे मला काका म्हणतात, त्यात हिने जपानी आदराचा सान जोडलेला. “तुमची भिंत रिकामी, म्हणून जळता.”

जळत नव्हतो. फार नाही.

शेवटच्या वर्षाआधी तिच्या उजव्या गुडघ्याचं ऑपरेशन झालं, वर्षभर शाळा सुटली. परत गेली तर नियम बदललेला. दाखल्याला सहा क्रेडिट जास्त लागणार, आणि मध्ये खंड पडलेल्यांनाही तो नियम लागू. मार्चपर्यंत भरली नाहीत तर पुढचं वर्ष. पण एप्रिलमध्ये डाव्या गुडघ्याची पाळी होती. म्हणजे आता नाही तर बहुधा कधीच नाही.

मी तापलो. “म्हाताऱ्या माणसाला सूट नको? चला, मी येतो भांडायला.”

“खबरदार! सूट घेतली तर तो दाखला माझा कसा?”

शाळेनेच वाट दाखवली. नोकरीचं काम क्रेडिटला धरतात. रोज काय केलं ते तिने वहीत लिहायचं, त्यावर मुख्य आचाऱ्याने शिक्का मारायचा. म्हणजे मी! चौथी नापासाच्या शिक्क्यावर हायस्कूल! त्या दिवशी मी चार माणसांची डाळ खारट केली.

आणि मी काय केलं, ऐका. आपल्याकडची सवय. ही बाई कधी खाडा करत नाही, मग रोज कशाला? अख्ख्या महिन्याचे शिक्के आगाऊच एका बैठकीत ठोकून दिले. त्याच महिन्यात वादळ आलं, हॉटेल एक दिवस बंद राहिलं. आणि त्या दिवसाच्या चौकोनात माझा लाल शिक्का!

“लिहा काहीतरी,” मी म्हणालो. “पातेली घासली म्हणून लिहा. कोण बघतंय?”

“त्या दिवशी मी घरी झोपले होते,” ती म्हणाली, आणि वही घेऊन स्वतःच शाळेत सांगायला गेली.

महिनाच्या महिना बाद झाला. मला एका शब्दाने बोलली नाही. बोलली असती तर बरं झालं असतं.

बुडालेले तास भरायला ती सुटीच्या दिवशीही यायला लागली. शिक्का माझा, म्हणून मीही यायचो. माफी मागायची मला सवय नाही. मी चहा करायचो, ती प्यायची. सबंध हिवाळा असा गेला.

शेवटच्या पानावर मुख्याचा शेरा लागतो. मला जपानी बोलता येतं, लिहिता मोडकं. दोन तास घालवून एक ओळ लिहिली: “ही बाई कामात माझ्यापेक्षा पक्की आहे.” तिने वाचलं, नळ सोडला आणि बराच वेळ माझ्याकडे पाठ करून धुतलेलीच पातेली धूत राहिली.

सहाही क्रेडिट मिळाली.

डाव्या गुडघ्याच्या ऑपरेशननंतर ती कामावर परतली नाही. आता ओसाकाला लेकीकडे असते, पत्राने कॉलेज करते. पण मार्चमधला तो समारंभ मी डोळ्यांनी पाहिला. शाळेच्या जिममध्ये आम्ही हॉटेलातली मंडळी घडीच्या खुर्च्यांवर बसलो होतो. तिचं नाव पुकारलं. “हाय!” म्हणजे जपानीत ‘हजर!’, अशी खणखणीत ओ दिली की पुढची पोरं दचकली. स्टेजला चार पायऱ्या. हेडमास्तर दाखला घेऊन खाली उतरू लागले. तिने हात करून त्यांना वरच थांबवलं. कठडा धरून एकेक पायरी चढली, दोन्ही हातांनी दाखला घेतला, वाकली. आणि मग रिवाज सोडून आमच्याकडे वळली आणि तो डोक्याच्याही वर धरला.

त्या शांत सभागृहात मी उभा राहून मराठीत ओरडलो, “शाब्बास, बाई!” अख्खी जिम माझ्याकडे वळून बघायला लागली. मी खाली बसलो नाही.